एकाच मानाची दोन घरं

शनिवारी हिरवी दिसलेली टेस्ट रविवारी लाल झाली, आणि मधल्या वेळात मी कोडमधलं एक अक्षरसुद्धा हलवलं नव्हतं. दोन दिवसांनी चालवली, हिरवी. आणखी दोन दिवसांनी चालवली, लाल. माझं डोकंच फिरलं. चूक असेल तर असू दे ना बाई, पण एकदा काय ते ठरव!

मी टेस्टर आहे. अंधेरीच्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या चुका काढते आणि त्याचा मला पगार मिळतो. आई म्हणते, चुका काढायची खोड तुला लहानपणापासूनच होती, आता फक्त खुर्ची आणि एसी मिळाला. चुका काढायच्या म्हणजे मी स्वतः दिवसभर बटणं दाबत बसत नाही. छोटे छोटे प्रोग्राम लिहून ठेवते, ते मोठ्या प्रोग्रामला प्रश्न विचारतात आणि आलेलं उत्तर मी आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडून बघतात. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल.

हे लाल-हिरवं मात्र ऑफिसचं नव्हतं. आमच्या गावच्या पालखीचं होतं.

गाव रत्नागिरीकडचं. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. कोणाकडे आधी आणि कोणाकडे नंतर, हे मानाप्रमाणे ठरलेलं. प्रत्येक घराला मानाचा नंबर आहे आणि तो कोणी बदलत नाही. एरवी गावातल्या बहुतेक घरांना कुलूप, कारण माणसं सगळी इकडे, भांडुप, घाटकोपर, मुलुंड, विक्रोळीला. शिमग्यापुरती जाऊन दार उघडायचं, तर पालखी आपल्याकडे कुठल्या दिवशी, सकाळी की संध्याकाळी, हे आधी कळायला नको? रजा काय स्वप्नात येऊन मिळते? दरवर्षी गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाच्या ग्रुपवर त्यावरून नुसता राडा. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी मला फोन केला. अध्यक्ष म्हणजे आमच्या वाडीतले एक म्हातारे आजोबा. तरुणपणी गिरणीत होते, त्यामुळे अजूनही ते फोनवर मशीन चालू असल्यासारखे ओरडून बोलतात.

"अगो, तू कॉम्प्युटरवाली ना? मग असं कायतरी बनव, की माणसाने मोबाइलवर आपलं घर दाबायचं आणि दिवस दिसायचा. भांडणं नकोत."

मी हो म्हटलं. समाजसेवा वगैरे काही नाही, आईसाठी हो म्हटलं.

बाबा थोरले, काका धाकटे. माझ्या स्वतःच्या आजोबांच्या घराच्या दोन चुली झाल्या, मधे भिंत आली, दारं दोन झाली, पण मान एकच राहिला. बाबा होते तोवर पालखी आधी आमच्या ओट्यावर टेकायची आणि मग काकांच्या. बाबा गेले. सुतकाचं वर्ष तसंच गेलं. त्याच्या पुढच्या शिमग्यात पालखी आधी काकांच्या दारात गेली. तिथे आरती, देवीपुढे गाऱ्हाणं, पालखी नाचवणं, सगळं साग्रसंगीत. आमच्या दाराशी येईपर्यंत ढोलवाले पुढच्या घराकडे वळलेसुद्धा. पालखी टेकलीच नाही. खांद्यावरूनच आईला दर्शन दिलं आणि गेली पुढे. आई हातात नारळ घेऊन उभी होती. भांडुपला आल्यावर पिशव्या रिकाम्या करता करता म्हणाली, "मी आता शिमग्याला नाही जायची." आणि खरोखरच त्यानंतर ती गेली नाही. जी बाई होळीच्या आधी महिनाभर पुरणाच्या गोष्टी करायची, ती शिमग्याचा विषय निघाला की उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागायची. मला काकांचा राग आला होता, मंडळाचा आला होता, आणि खरं सांगायचं तर देवीचाही आला होता.

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी बसून तो प्रोग्राम लिहिला. सगळी घरं भरली, प्रत्येकाचा मानाचा नंबर आणि फोन नंबर भरला आणि यादी मानाच्या नंबराप्रमाणे लावून मागितली. मग सवयीप्रमाणे त्यावर टेस्ट लिहिली. यादी अशी अशी यायला हवी, पहिलं घर हे, दुसरं ते. सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग अध्यक्षांनी लोकांना आपापले फोन नंबर तपासून दुरुस्त करायला सांगितलं, आणि टेस्ट झिंगल्यासारखी वागायला लागली.

ऑफिसात माझ्या शेजारी एक मुलगा बसतो. माझ्याच वयाचा, माझ्याच पगाराचा, कोड लिहिणारा. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी त्याला लॅपटॉप दाखवला. त्याने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि स्क्रीनकडे बघून म्हणाला, "टाय आहे ना. ह्या दोन घरांचा नंबर सेम आहे. तू म्हणालीस नंबराप्रमाणे लाव, त्याने लावलं. सेम नंबरवाल्यांमध्ये आधी कोण हे तू सांगितलंच नाहीस, मग तो त्याला सोयीचं पडेल ते देणार."

बरोबर होतं. डेटाबेस हा तसा आज्ञाधारक प्राणी, पण सांगितलं तेवढंच करणारा. जोवर नोंदींना कोणी हात लावला नव्हता, तोवर त्या मी भरल्या त्याच क्रमाने बाहेर येत होत्या आणि मला वाटत होतं सगळं ठीक आहे. कोणाचा तरी फोन नंबर बदलला, ती नोंद आत कुठेतरी इकडची तिकडे झाली, आणि दोन घरांची अदलाबदल झाली. मग दुसऱ्या घराचा फोन नंबर बदलला की पुन्हा उलटं. स्क्रीनवर लाल अक्षरांत दोन ओळी होत्या. वर मला अपेक्षित असलेला क्रम: बाबांचं घर, मग काकांचं. खाली आलेला क्रम: काकांचं घर, मग बाबांचं.

"एवढं काय टेन्शन घेतेस यार?" तो म्हणाला. "दोन्ही याद्या आधी नावाप्रमाणे लावून घे आणि मग कंपेअर कर. सगळी घरं आली ना? बस्स. कायमची हिरवी."

ही युक्ती आम्ही सगळेच वापरतो, आणि काही ठिकाणी ती चालतेही. बाजारातून सामान आणलं तर पिशवीत कांदे वर की बटाटे वर, ह्याने काही बिघडत नाही. पण पालखीच्या यादीतला क्रम काढून टाकला तर उरतं काय? गावची जनगणना! मी त्याला तसं म्हटलं. तो हसला. मग म्हणाला, "बरं, नाही तर रीट्राय लाव. लाल आली की पुन्हा चालव, कधीतरी हिरवी येतेच."

"लाज नाही वाटत रे?"

"ऑफिसच्या चालू प्रोग्रामला लावताना नाही वाटत, तर तुझ्या पालखीला लावताना कशाला वाटेल?" असं म्हणून त्याने डबा बंद केला, आणि उठता उठता विचारलं, "पण एक सांग. आधी तुझ्या बाबांचं घर, हे तुला कोणी सांगितलं? रिक्वायरमेंट कुठाय?"

कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. लहानपणी ओट्याच्या खांबाला धरून उभी असताना पालखी जशी येताना बघितली होती, तशी मी लिहिली होती. मला हवं होतं ते उत्तर मी बरोबर म्हणून लिहून टाकलं होतं, आणि प्रोग्राम तसं देत नाही म्हणून त्याला शिव्या घालत होते.

मनात आणलं असतं तर एका ओळीचं काम होतं. नंबर सारखा असेल तर जे घर आधी भरलं ते आधी, एवढं लिहिलं की झालं, कारण बाबांचं घर मीच आधी भरलं होतं. कोणाच्या बापाला कळलं नसतं. मोबाइलवर आलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मानणारी आमची माणसं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तू असलं काही करायचं नाहीस हां," ती म्हणाली. "लपूनछपून आणलेली देवी मला नको. दारात यायची तर चार माणसांच्या देखत येऊ दे."

"आणि चार माणसांनी नाही म्हटलं तर?"

निवडलेली भाजी बाजूला सारून ती म्हणाली की मंडळाच्या पुढच्या मीटिंगला मीही येते.

मंडळाची मीटिंग घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी. मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. पुरुष पुढे, बायका मागे, हे कोणी सांगितलेलं नाही पण तसंच असतं. काका पहिल्या बाकावर होते. काका वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या सगळ्या खेपा त्यांनीच घातल्या होत्या. काकी मागे आईच्या शेजारी जाऊन बसल्या.

मी फळ्यापुढे उभी राहिले. सगळ्यांना मोबाइल काढायला लावला आणि यादी उघडायला सांगितली. मग माझ्या लॅपटॉपवरून काकांचा फोन नंबर जरासा बदलून परत होता तसा केला आणि यादी पुन्हा उघडायला लावली.

"अरे, उलटं झालं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"म्हणजे तुझा प्रोग्राम बिघडलेला आहे," अध्यक्ष गरजले.

"प्रोग्राम नाही बिघडला, आजोबा. एका मानाची दोन घरं असली तर आधी कुठे जायचं, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. म्हणून त्याच्या मनाला येईल तसं तो देतो. आपल्याच घरांचं नाही, अशी बरीच घरं आहेत. तुम्ही सांगा, मी लिहिते."

सगळे एकमेकांकडे बघतायत.

"आजवर जसं चाललंय तसं," एकजण म्हणाला.

"कसं चाललंय?"

"म्हणजे... पालखी उचलणाऱ्या पोरांना ठाऊक असतं ना."

"ती पोरं ठरवणार का मान?" अध्यक्षच त्याच्यावर उखडले.

तेव्हा काका बोलले. शांतपणे बोलले. "मी काय म्हणतो, पालखी सगळ्यांकडे येते ना? मग थोडं पुढेमागे झालं तर काय बिघडलं?"

माझ्या शेजारच्या कोडवाल्याचंच म्हणणं, फक्त डब्याशिवाय. मी म्हटलं, "काही नाही बिघडलं काका. मग तुमचं घर मागे ठेवते." वर्ग हसला. काकांचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एका शहाण्या माणसाने तोडगा काढला. वयाप्रमाणे करा. घरातलं वयाने मोठं माणूस ज्या दारात, ते दार आधी. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला अगदी रास्त वाटत होतं, आणि त्यातच आमचं दार मागे पडत होतं. आई काकांची थोरली वहिनी, तिला ते वाकून नमस्कार करतात, पण वयाने ती काकांपेक्षा थोडी लहान आहे. बाबांचं आणि तिचं अंतर बरंच होतं. मी आईकडे बघितलं. ती फळ्याकडे बघत होती.

"वय घेतलं तर माणूस गेला की क्रम बदलणार," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि तो मला खाली आणता येत नव्हता. "आज एक दार पुढे, उद्या दुसरं. मान माणसाचा आहे की घराचा?"

"घराचा!" अध्यक्ष म्हणाले. त्यांनी बाकावर थाप मारली. "मान घराचा. थोरल्या भावाचं घर आधी, असंच पाहिजे."

"पण थोरला आहे कुठे?" काका उठून उभे राहिले. आता त्यांचाही आवाज चढला. "दादा गेला. त्या घरात पुरुष माणूस नाही. आरतीला कोण उभं राहणार? देवीची ओटी कोण भरणार? वहिनी तर आता..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण तो सगळ्यांना ऐकू आला. विधवा बाईने ओटी भरायची नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काहीतरी भयंकर बोलणार होते, ते काय होतं ते आता आठवतही नाही, कारण मागून काकींचा आवाज आला. काकी मंडळात कधी बोलत नाहीत. त्या चहाचे कप विसळतात आणि घरी जातात.

"एक विचारू का?" त्या काकांनाच म्हणाल्या. "आपल्यालाही मुलगीच आहे. उद्या तुमच्यामागे माझ्या दारात पालखी टेकणार की नाही, ते मला आत्ता सगळ्यांसमोर सांगा."

काका मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिले.

"त्या वर्षी मी इकडे ओटी भरत होते आणि ताई भिंतीपलीकडे नारळ घेऊन उभ्या होत्या," काकी म्हणाल्या. "त्या दिवशी मला पुरणपोळी गेली नाही घशाखाली. तुम्ही विचारलंतसुद्धा, पोळी का ठेवलीस म्हणून."

मग आई उठली. "भावजी, ओटी माझ्या हातची नको तर नको. जाऊबाई भरतील. माझ्या घरात त्यांना कोणी परकं म्हटलंय का? पण देवी माझ्या दारात टेकली पाहिजे. मी दुसरं काही मागत नाही."

ओटी तिनेच भरायला हवी असं माझं म्हणणं आहे, आणि त्यावरून आमचं अजूनही वाजतं. पण त्या दिवशी मी तो वाद काढला नाही. काका खाली बसले. शेवटी म्हणाले, "थोरलं घर आधी. लिही." माझ्याकडे न बघता म्हणाले, पण म्हणाले.

मी तिथेच पोरांच्या बाकावर लॅपटॉप ठेवला आणि लिहिलं. आधी मानाचा नंबर, नंबर सारखा असेल तर थोरल्याचं घर, मग धाकट्याचं. फोन नंबर बदलून बघितले, नोंदी उलट्यासुलट्या करून बघितल्या. टेस्ट दर वेळी हिरवी. ह्या वेळी अपेक्षित उत्तर माझं नव्हतं, वर्गातल्या सगळ्यांचं होतं. अध्यक्ष माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि त्यांना काही कळत नसताना "बरोबर, बरोबर" म्हणत होते.

तेवढ्यात त्यांना आमच्या घराची ओळ दिसली. कर्त्याच्या जागी अजून बाबांचंच नाव होतं. मंडळाच्या जुन्या नोंदीत होतं तसंच मी उतरवलं होतं, ते काढायला माझा हात धजला नव्हता. "इथे तुझ्या आईचं घाल," ते म्हणाले. मी घातलं. त्याच्याखाली एक रकाना होता, कर्त्याच्या मागे कोण. तो रिकामा होता.

"ह्यात काय?" मी विचारलं.

काका म्हणाले, "त्यात कशाला काय लागतंय? वहिनींच्या मागे ते घर आमच्यातच येणार. मान परत एक होईल." ह्या वेळी त्यात राग नव्हता. उद्या सोमवार आहे म्हणावं तसं म्हणाले. वर्गातही कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोक उठायला लागले होते, चपला शोधत होते.

"का म्हणून?" आई म्हणाली. "ही आहे ना."

चपला थांबल्या.

"अहो, ती मुलगी," कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं. "उद्या लग्न होऊन..."

"होऊ दे, नाही तर न होऊ दे. घर तिच्या बापाचं आहे. माझ्यामागे तिचं नाव लिहा."

कोणी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. काकी पुढे येऊन माझ्या बाकाशी उभ्या राहिल्या आणि स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लिही गं. आणि मग आमच्या ओळीतही लिही." मी माझं नाव टाइप केलं. स्वतःच्याच नावात चूक केली आणि पुसून परत लिहिलं. आई जायची तोवर गावात मीही दरवर्षी एका दिवसापुरती जायचे. खुर्चीवर बसायचे, कोणी पाणी दिलं की प्यायचे आणि पालखी गेली की परतीची गाडी धरायचे. गावच्या कुठल्याही कागदावर माझं नाव नव्हतं. मला ते कधी खुपलंही नव्हतं. आणि आता नाव दिसत होतं तर डोळे भरून आले, त्या सगळ्या माणसांसमोर, काही इलाज नव्हता.

आई आणि मी बाहेर आलो. रिक्षा मिळेना. दुपारचं ऊन, दोन रिक्षावाले भांडुप म्हटल्यावर मान हलवून गेले. आई पदराने मान पुसत उभी होती. मला वाटलं आता काकांबद्दल काहीतरी बोलेल, किंवा बाबांबद्दल.

"उद्या ऑफिसात गेल्या गेल्या रजा टाक," ती म्हणाली. "एका दिवसाची नको. घर कधीचं बंद आहे, झाडायचं आहे, ओटा सारवायचा आहे. आणि ह्या वेळी खुर्चीवर बसायचं नाही, सांगून ठेवते. पाहुण्यांना पाणी तू द्यायचंस."